पावसाची मोजपट्टी आखूड पडतेय

आमच्याकडे खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर भरून ठेवतात तेव्हा तिच्याखाली चार ढेकळं ठेवायची पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे. काळ्या रानातली मुठीएवढी ढेकळं, एकेक महिन्याच्या नावाचं एकेक, जेठ, आखाड, सावन, भादवा. नवी घागर पाझरते, खाली ढेकळं भिजतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी वाकून एकेक ढेकूळ अंगठ्याने दाबून बघायची की कुठपर्यंत ओल गेलीय. 'जेठ कोरडा शे, आखाड बरा शे' असं ती म्हणाली की वडलांच्या डोक्यात कापूस कधी लावायचा याचा हिशोब सुरू व्हायचा.

पुढे मी जिऑलॉजी शिकलो आणि एमएस्सीच्या वेळी गोव्यात एका लॅबमध्ये दोन महिने समुद्राचा गाळ धुवायचं काम केलं, तेव्हा ही चार ढेकळं मला सारखी आठवायची. तिथेही मातीलाच पावसाबद्दल विचारत होते, फक्त येणाऱ्या नाही, होऊन गेलेल्या. आणि ती माती खरंच सांगत होती, हजारो वर्षांचं सांगत होती.

मला जे म्हणायचंय ते सरळ सांगतो. खान्देशात पाण्याचं जे काही नियोजन होतं, धरणं, कालवे, नार-पार नद्यांचं पाणी गिरणेत आणायची नार-पार-गिरणा योजना, तापीचं पाणी जमिनीत मुरवायचं मेगा रिचार्ज, केळीखालचं क्षेत्र, सगळं, ते आपण पन्नास-शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदींवर करतोय, आणि ही मोजपट्टी फार आखूड आहे. समुद्राच्या तळाच्या गाळात याच मान्सूनची हजारो वर्षांची नोंद पडून आहे, ती वाचायची पद्धत शास्त्रज्ञांना माहीत आहे, त्यातली बरीच आपल्याच देशात वाचलीही गेलीय, पण ती प्रकल्पाच्या अहवालापर्यंत पोचत नाही. ती पोचलीच पाहिजे, आणि त्यासाठी सरकारने पैसा खर्च करावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी 'नॉर्मल' या शब्दाकडे बघू. हवामान खातं एप्रिलमध्ये अंदाज देतं तेव्हा सरासरीच्या 96 ते 104 टक्के पाऊस म्हणजे नॉर्मल असं धरतं. ही सरासरी कुठली, तर 1971 ते 2020 या 50 वर्षांची, जून ते सप्टेंबरची, अख्ख्या देशाची, 87 सेंटीमीटर. त्याआधी 1961 ते 2010 ची सरासरी वापरायचे, ती होती 88. म्हणजे खिडकी फक्त दहा वर्षं पुढे सरकवली तर 'नॉर्मल'च सेंटीमीटरभर खाली आला, आणि खात्यानेच तेव्हा सांगितलं होतं की काही दशकं ओली आणि काही दशकं कोरडी असं चक्र असतं, त्यातून हा फरक पडतो. सेंटीमीटर म्हणजे फार काही नाही असं वाटेल, पण मुद्दा वेगळा आहे. जी गोष्ट स्वतःच हलते तिला आपण खुंटा समजून बाकीचं सगळं तिला बांधतोय. हवामान खातं स्थापन झालं 1875 मध्ये, देशभराच्या पावसाची बऱ्यापैकी सलग आकडेवारी मिळते तीही साधारण तेव्हापासूनच, म्हणजे कितीही ओढलं तरी दीडशे वर्षं. ज्या मान्सूनच्या मोठ्या हालचाली शेकडो आणि हजारो वर्षांत होतात त्याला दीडशे वर्षांत ओळखलं म्हणणं म्हणजे सिनेमाची पाच मिनिटं बघून शेवट सांगणं झालं.

आता गाळ काय सांगतो आणि कसा सांगतो. समुद्राच्या पाण्यात फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव असतात, फोरॅम म्हणतात त्यांना थोडक्यात. वाळूच्या कणाएवढे, पण स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. काही वरच्या पाण्यात तरंगतात, काही तळाशी राहतात. आयुष्य काही आठवड्यांचं, मेले की घर तळाला जाऊन बसतं, त्यावर गाळ, त्यावर पुढच्यांची घरं, असं लाखो वर्षं चाललंय. खोल समुद्रात हा थर हजार वर्षांत काही सेंटीमीटरच वाढतो, किनाऱ्याजवळ जास्त. जहाजावरून पोकळ नळी तळात घुसवून हा गाळ उभाच्या उभा काढतात, आणि मग लॅबमध्ये त्याच्या सेंटीमीटर-सेंटीमीटरच्या चकत्या करतात.

माझं काम त्या चकत्यांपासून सुरू व्हायचं. चकती ओव्हनमध्ये वाळवायची, पाण्यात भिजत घालायची, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर ओतून बारीक धारेखाली धुवायची, हाताने चोळायची नाही, घरं फुटतात. गढूळ पाणी जात राहतं, जात राहतं, आणि एका क्षणी पाणी निवळ यायला लागतं आणि चाळणीत चिमूटभर पांढरी भुकटी उरलेली दिसते. ती परत वाळवून मायक्रोस्कोपखाली काळ्या ट्रेमध्ये पसरली की मी पहिल्यांदा अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो, कारण ती भुकटी नव्हतीच, ज्वारीच्या लाह्या पसरल्यासारखं दिसत होतं, एकाला एक चिकटलेले फुगे, काही शंखासारखे वळलेले, काही काचेसारखे चकचकीत, प्रत्येकाला बारीक तोंड. मग अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करून एकेक उचलायचा, चौकटी आखलेल्या काळ्या स्लाइडवर जातीप्रमाणे लावायचा, किमान 300 होईपर्यंत मोजायचं. सुरुवातीला एका चकतीला माझा अख्खा दिवस जायचा आणि संध्याकाळी डोळे मिटले तरी लाह्याच दिसायच्या.

ह्या 300 मध्ये कुठली जात किती, यावरून गोष्ट कळते. अरबी समुद्राचं उदाहरण सगळ्यात चांगलं. नैर्ऋत्य मान्सूनचा वारा जोरात वाहतो तेव्हा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी तो दूर ढकलतो, त्या जागी खालचं थंड, खतावलेलं पाणी वर येतं, आणि त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा फोरॅम मुबलक वाढतो, जो खरंतर थंड समुद्रातला रहिवासी आहे, इथल्या उष्ण पाण्यात एरवी त्याचं काही काम नाही. म्हणजे ज्या थरात बुलॉइडिस जास्त त्या काळात मान्सूनचा वारा जोरात, कमी असेल तर वारा मंद, इतकं सरळ. दुसरी पद्धत घराच्या चुन्यातल्या ऑक्सिजनची. ऑक्सिजन हलका असतो आणि जड असतो, 16 आणि 18, पाण्याचं तापमान, जगात बर्फ किती साठलंय, नद्यांचं गोडं पाणी किती आलंय, यावर त्यांचं प्रमाण बदलतं आणि ते त्या जिवाच्या घरात कायमचं नोंदलं जातं. चेझारे एमिलियानी यांनी 1955 मध्ये यावरून हिमयुगांचा आलेख मांडला, पुढे निकोलस शॅकल्टन यांनी दाखवलं की त्यात तापमानापेक्षा बर्फाचा वाटा मोठा आहे. आणि 1976 मध्ये शॅकल्टन, हेज आणि इम्ब्री या तिघांनी पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनीच हिमयुगांचा ठेका ठरतो हे ज्या दोन गाळाच्या नळ्यांवरून दाखवलं त्या दोन्ही हिंदी महासागराच्या दक्षिण भागातल्या होत्या, साडेचार लाख वर्षांच्या. आपल्याच महासागराच्या चिखलातून हवामानशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न सुटला हे आपल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मग ह्या गाळाने मान्सूनबद्दल काय सांगितलं? साधारण 21 हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता, मुंबईपासून पश्चिमेला कितीतरी किलोमीटर कोरडी जमीन होती, आणि उन्हाळी मान्सून दुबळा होता. 10 हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला उलट, उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात सूर्य आजच्यापेक्षा जवळ होता म्हणून मान्सून आजच्यापेक्षा दणदणीत, सहारासुद्धा तेव्हा हिरवा होता. मग हळूहळू उतार. अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओमानच्या किनाऱ्याजवळच्या गाळातले बुलॉइडिस मोजून 2003 मध्ये दाखवलं की हा उतारही सरळ नव्हता, मध्येमध्ये शेकडो वर्षांच्या मंद वाऱ्याच्या खाचा आहेत आणि त्या उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या झटक्यांशी जुळतात. कुठे अटलांटिक आणि कुठे आपलं आखाड. कराचीजवळच्या समुद्रातल्या गाळात 4200 वर्षांपूर्वी सिंधूचं पाणी घटल्याची खूण सापडली, आणि तोच काळ मेघालयातल्या मॉम्लुह गुहेत ठिबकून साठलेल्या चुनखडीतही कोरडा दिसतो, इतका ठळक की 2018 मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला मेघालयन हे नावच दिलं.

आपल्याकडचं बघा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी प्रकाशा आहे, सावळदा आहे, धुळ्याकडे कावठे आहे, तीन-चार हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची गावं. जोर्वे संस्कृतीची तापी आणि प्रवरेच्या खोऱ्यातली गावं इसवी सनपूर्व 1000 च्या सुमाराला ओस पडली, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी त्यामागे वाढत्या कोरडेपणाचं कारण मांडलं होतं. यावर वाद आहे, असायलाच हवा, पण प्रश्न खरा आहे, भरल्या गावातून माणसं घरदार सोडून गेली ती का गेली. तापीच्या तोंडापुढच्या समुद्रात त्या शतकांचा थर कुठेतरी आहेच.

तापीचा गाळ हे मी हवेत बोलत नाही. आपली काळी कसदार जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा देते आणि पावसात फुगून त्या मिटवते, ते तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीमुळे, आणि हे स्मेक्टाइट आलं दख्खनच्या काळ्या बसाल्ट दगडातून. तापी आणि नर्मदा ते अरबी समुद्रात नेऊन टाकतात. सिंधूने हिमालयातून आणलेली चिकणमाती वेगळी, तिच्यात इलाइट आणि क्लोराइट जास्त. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यापुढच्या गाळात एक्स-रे लावला की कुठला थर आपल्या काळ्या रानाचा आणि कुठला सिंधूचा हे शास्त्रज्ञांना ओळखता येतं. 2015 मध्ये जॉइडेस रेझोल्यूशन या जहाजाने अरबी समुद्राच्या तळातल्या लक्ष्मी खोऱ्यात, म्हणजे किनाऱ्यापासून पार लांब, साडेतीन किलोमीटर पाण्याखाली जाऊन 1100 मीटरपर्यंत भोक पाडलं, ते काम भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकारानेच झालं. मला हे वाचताना अंगावर काटा येतो की चोपड्याच्या, शिरपूरच्या शेतातली धुपून गेलेली माती तिकडे थराथराने बसली आणि तिच्यात मिसळलेल्या फोरॅमच्या घरांवरून त्या त्या काळाचा समुद्र कसा होता हे कळतं.

आता यावर लोक काय म्हणतात तेही घेतो, कारण मी हे गावात, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत बोललोय आणि उत्तरं ऐकलीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप असा की ओमानच्या किनाऱ्यावरचा वारा म्हणजे अमळनेरातला पाऊस नव्हे. बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे. वारा जोरात आणि पाऊस कमी असंही होऊ शकतं, याच्यावर शास्त्रज्ञांमध्येही भांडण आहे. शिवाय तळाचे किडे गाळ उकरतात, थर एकमेकांत मिसळतात, तारखा कार्बनवरून काढतात त्यात काही दशकांची, कधी जास्त चूक राहते. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीची ओढ इतकी की गाळ एका जागी टिकतच नाही, त्यामुळे आखाताबाहेर समुद्रतळाच्या उतारावर जावं लागतं. हे सगळं मान्य करूनच मी बोलतोय. पण यावर इलाज आहेत. अरबी समुद्रात साधारण 200 ते 1000 मीटर खोलीवर प्राणवायू इतका कमी आहे की तिथे काही ठिकाणी उकरणारे किडेच नाहीत, थर वहीच्या पानांसारखे शाबूत राहतात. आणि वाऱ्याऐवजी नदीचंच पाणी मोजायचं असेल तर नदीच्या मुखाजवळच्या तळातले फोरॅम आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारवारजवळ, काळी नदीच्या मुखापुढच्या गाळात हेच केलं, गोडं पाणी जास्त आलं की तळातल्या फोरॅममध्ये फरक पडतो हे धरून, आणि त्यांना दुष्काळांचं सुमारे 77 वर्षांचं चक्र दिसलं. त्या 77 वर आपण कॅलेंडर छापू नये, एका जागचा गाळ आहे तो. पण जे काळी नदीसाठी झालं ते तापीसाठी एकदा नाही, पाच-दहा जागी का करू नये? गुहांच्या चुनखडीचा पुरावा, झाडांची वर्तुळं, गाळ, जुन्या दुष्काळांच्या लेखी नोंदी, हे शेजारी शेजारी ठेवले की एकाची चूक दुसरा दाखवतो.

तसं ठेवून बघितलं की अंगावर येतं. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या थरांत 14व्या शतकात पाऊस पुन्हा पुन्हा घसरल्याच्या खुणा आहेत, आणि आपल्याकडे 1396 पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने बारा वर्षांचा सांगतात. ओमानजवळच्या गाळात 1600 च्या सुमाराला मान्सूनचा वारा खूप मंद दिसतो, पुढच्या चारशे वर्षांत तो वाढत गेला, आणि 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ गुजरात, खान्देश आणि दख्खनवर येऊन गेला, शाहजहानचा तळ तेव्हा तापीकाठी बुऱ्हाणपुरात होता. लढाया आणि शेतसारा यांनी त्या दुष्काळात किती माणसं मारली हा वेगळा हिशोब आहे आणि तो मोठा आहे. पण मुद्दा लक्षात घ्या, आपली पावसाची आकडेवारी सुरू झाली ती वारा वाढत असताना. म्हणजे मोजपट्टी नुसती आखूड नाही, ती चढाच्या बाजूला ठेवलेली असण्याची शक्यता आहे.

आणि इथे प्रकल्पांचा प्रश्न येतो. पाटबंधारे प्रकल्पात येवा, म्हणजे नदीतून येणारं पाणी, काढताना 75 टक्के विश्वासार्हता धरतात, म्हणजे शंभरातली 75 वर्षं तेवढं पाणी येईल. ऐकायला ठीक. पण उरलेली 25 वर्षं कशी येणार हे तो आकडा सांगत नाही. पत्ते पिसल्यासारखी, चांगल्या वर्षांत एकेक वाईट, अशी आली तर माणूस तरतो. यावल-रावेरच्या केळीवाल्याला विचारा, एक वर्ष कमी पाऊस झाला तर ट्यूबवेलची पातळी खाली जाते, पुढच्या चांगल्या वर्षी थोडी सावरते, बाग वाचते. तीच वाईट वर्षं सलग सात-आठ आली तर दर वर्षी आणखी पाइप उतरवायचा, आणखी मोटार मोठी करायची, आणि एका वर्षी बाग उपटायची. बेरीज दोन्हीकडे सारखीच, सरासरी सारखीच, माणूस मात्र एकीकडे उभा आणि दुसरीकडे कर्जात. आणि जुन्या नोंदी, गाळाच्या असोत की गुहांच्या, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात की वाईट वर्षं झुंडीने येतात. गिरणा धरण शंभर टक्के भरलं की आपल्याकडे पेपरात पहिल्या पानावर बातमी होते, लोक पूजेला जातात. धरण भरणं ही बातमी व्हावी? वरच्या बाजूला धरणं झाली हेही कारण आहे, पण कागदावरचा येवा आणि नदीतलं पाणी यातलं अंतर खान्देशाला कुणी समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप पैशाचा. समुद्रात नळ्या मारण्यापेक्षा गावात बंधारा बांधा. मी बंधाऱ्याच्या विरोधात कसा असेन, पण बंधारा किती मोठा, कुठे, किती कोरड्या वर्षांसाठी, हे ठरवायलाच तर ही माहिती हवी. हजारो कोटींच्या योजनेत शे-पाचशे वर्षांचा मान्सून कसा वागला हे तपासायचा खर्च डाळीत मिठाएवढा आहे. सागर कन्या या संशोधन जहाजाने कित्येक वर्षं हेच केलंय, संस्था गोव्यात आहेत, माणसं तयार आहेत. नाही ते फक्त समुद्राच्या लॅबपासून जळगावच्या पाटबंधारे ऑफिसपर्यंतचा रस्ता.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, गैरवापर आहे, आणि त्याचा मला राग येतो. व्हॉट्सअॅपवर फिरतं की हवामान तर आधीपासूनच बदलत आलंय, तेव्हा कुठे गाड्या होत्या, मग आता माणसाला कशाला दोष. हे सांगायला ह्याच गाळाचा हवाला देतात. अहो, तोच गाळ हेही सांगतो की तेव्हा का बदललं. कक्षेचे बदल 23 हजार, 41 हजार, एक लाख वर्षांच्या चालीने होतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखान्यांच्या आधी 280 भाग होता दहा लाखात, आज 420 च्या वर आहे, दोन-अडीचशे वर्षांत. गाळात एक जुनी घटना आहे 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची, तेव्हाही हवेत भसाभसा कार्बन आला, पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, समुद्र आंबट झाला, कितीतरी ठिकाणी तळाचा पांढरा चुना विरघळून नुसती लाल माती उरली आणि तळाच्या फोरॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जाती कायमच्या संपल्या. तो कार्बन यायला हजारो वर्षं लागली होती. आपण त्याच्या कितीतरी पट वेगाने सोडतोय. हा गाळ वाचून निर्धास्त झालेला माणूस मी लॅबमध्ये एकही पाहिला नाही.

आणि गाळाला काय दिसत नाही तेही सांगतो, नाहीतर मी अर्धंच बोललो असं होईल. एका रात्रीतली ढगफुटी त्याला दिसत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी 2017 मध्ये दाखवलं की मध्य भारतावर 1950 नंतर मोठ्या पट्ट्यात अतिवृष्टी होण्याच्या घटना तिपटीने वाढल्या, ते पर्जन्यमापकांमुळे कळलं. म्हणून जुनी आकडेवारी टाकून द्या असं कुणी म्हणत नाही. पर्जन्यमापक दिवस सांगतो, गाळ शतकं सांगतो, अहवालात दोन्ही पाहिजेत.

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत इथे आठवते आणि ती मला उगाच आठवत नाही. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नदीत बंधारे घातले, पाट काढले, गावच्या बागायतीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडले, पाणी सोडायला पाटकरी नेमला, राखणीला जागल्या नेमला, आणि दर वर्षी पाणी बघून पंच ठरवायचे की यंदा कुठल्या फडात ऊस, कुठल्यात भुसार आणि कुठला फड कोरडा ठेवायचा. त्या लोकांनी पाण्याचा एक पक्का आकडा धरलाच नव्हता. कमी पाण्याचं वर्ष येणार हे त्यांनी पद्धतीतच घेतलं होतं, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची म्हणून कोरड्या फडाचा मार एकट्यावर पडत नव्हता. आपण सिमेंटचे कालवे केले, एक आकडा धरला, त्या आकड्यावर बागायत वाढवली, आणि आता टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला दर चार वर्षांनी मोर्चा काढावा लागतो.

म्हणून मागणी अशी आहे. नार-पार-गिरणा असो की तापी मेगा रिचार्ज, मोठ्या प्रत्येक योजनेच्या अहवालात मान्सूनच्या लांब इतिहासाचं एक प्रकरण असावं, समुद्राच्या गाळाचं, गुहांचं, लेखी नोंदींचं, आणि योजना नुसत्या सरासरी वर्षावर नाही तर त्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट वीस-पंचवीस वर्षांच्या सलग तुकड्यावर चालवून बघावी, कॉम्प्युटरवर, त्याला फार दिवस लागत नाहीत. तापीच्या मुखापुढच्या उतारावर आणखी नळ्या घ्याव्यात आणि त्या कामात जळगाव, धुळे, नंदुरबारची जिऑलॉजीची पोरं घ्यावीत, उचला म्हणावं त्यांना ब्रश आणि बसा मोजायला. उकाईचं धरण 1972 मध्ये झालं, वर हतनूर झालं, तेव्हापासून तापीचा बराच गाळ वाटेतच अडतोय, म्हणजे जे वाचायचंय ते त्याआधीचंच आहे आणि ते जागेवर आहे.

आणि त्या वाईट वीस वर्षांत पाणी कमी पडलं तर आधी कुणाचं बंद होणार, शहराचं, कारखान्याचं, केळीचं, की चारीच्या शेवटच्या कोरडवाहूवाल्याचं, हे अहवालात आजच लिहा, नावानिशी, गटवार. पांझरेच्या पंचांनी ते पेरणीच्या आधी पारावर बसून, सगळ्यांसमोर ठरवलं होतं.